शून्य मार्कांचं काळीज

१

"पेढे परत डब्यात ठेव, सुमे," कालिंदी गुप्ते म्हणाली. "हे काळीज तुझ्या नवऱ्याचं नाही."

सुमती कर्णिकचा हात होता तिथंच राहिला. प्रभादेवीहून टॅक्सी करून, फणसवाडीतले तीन जिने चढून ती सकाळी सकाळी आली होती, ते काय हे ऐकायला? गेल्या शनिवारी तिच्या नवऱ्याच्या, कमलाकांतरावांच्या, हृदयाचा सीटी स्कॅन झाला होता आणि रिपोर्टात कॅल्शियमचा आकडा आला होता शून्य. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत चुना साठतो, तो किती साठला ते हे मशीन बाहेरूनच मोजतं. सुई नाही, नळी नाही. आडवं पडायचं, श्वास रोखायचा, पाच मिनिटांत उठून घरी. या परीक्षेत ज्याला शून्य मार्क त्याचा पहिला नंबर.

"अगं, पण वर नाव छापलंय ना! कमलाकांत देवदत्त कर्णिक. जन्मतारीख पण बरोबर."

"नाव छापायला काय लागतं? पाच वर्षांपूर्वी याच माणसाचा आकडा किती होता?"

"तीनशे शहाऐंशी," सुमती पुटपुटली. "पण आमच्या शेजारचे दौलतराव अर्जुनाच्या सालीचा काढा देतात. त्याने सगळं धुऊन निघालं म्हणाले."

"धुऊन निघायला ती काय मोरी आहे? नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, तो कधी आपोआप गेलेला पाहिलायस? गोळ्यांनी माणूस वाचतो बाई, चुना जात नाही. तीनशे शहाऐंशीचे पाचशे होतील, सहाशे होतील. शून्य? जन्मात नाही."

हे ती उगाच बोलत नव्हती. परळच्या एका मोठ्या इस्पितळात तिने अडतीस वर्षं काढली होती, साध्या एक्स-रेपासून सीटीपर्यंत. कालिंदी माणसाचा चेहरा विसरेल, पण बरगड्या विसरणार नाही, असं तिथे म्हणायचे. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी गिरगावातलं निम्मं पब्लिक आपापल्या स्कॅनच्या सीड्या घेऊन तिचेच जिने चढायचं.

सुमतीने पिशवीतून जुनी सीडीही काढली. बाई शिस्तीची. कालिंदीने लॅपटॉपवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. खऱ्या स्कॅनच्या आधी मशीन छातीचा एक साधा आखणीचा फोटो घेतं, त्याला स्काउट म्हणतात. डॉक्टर मंडळी तो बघत नाहीत. कालिंदी आधी तोच बघायची.

"कमलाकांतराव लहानपणी पडले होते ना गं कुठे?"

"दहीहंडीत. तिसऱ्या थरावरून. गळ्याखालचं हाड मोडलं आणि हाडवैद्याने बसवलं ते वाकडंच."

"हे बघ पाच वर्षांपूर्वीचं. डाव्या बाजूला हाडावर गाठ दिसते ती. आणि हे शनिवारचं. हाड कसं सरळ, वेळूच्या काठीसारखं. हाड काही काढ्याने सरळ होत नाही."

सुमतीने डोळ्यांना पदर लावला. रडायलाच आली ती. "अगं, यांनी सोमवारपासून गोळ्या बंद केल्यात. आणि रविवारी शाळेच्या बॅचबरोबर रायगड. रोपवेने नाही म्हणे, पायऱ्यांनीच चढणार! आज गुरुवार झाला."

कालिंदी ऐकत होती, पण नजर पडद्यावरच होती. शनिवारचे स्काउट दोन होते. दुसरा स्वच्छ. पहिल्यात मात्र छातीखाली उजव्या अंगाला एक पांढरी ठळक वस्तू दिसत होती. किल्ली. जुन्या घडणीची, डोकं तीन पाकळ्यांचं, बेलाच्या पानासारखं. टेक्निशियनने ती काढायला लावून फोटो पुन्हा घेतला असणार. अशी किल्ली आपण कुठेतरी पाहिलीय, असं तिला वाटून गेलं, पण कुठे ते काही आठवेना.

"सुमे, कमलाकांतराव जानवं घालतात?"

"जानवं? मुंजीनंतर चार महिन्यांत क्रिकेट खेळताना तुटलं, ते आजतागायत."

"मग मशीनमध्ये जानव्याला किल्ली बांधलेला बाबा कोण झोपला होता?"

२

सुमतीला घेऊन कालिंदी निघाली. पहिल्या मजल्यावर तिच्या दादाचं, चिंतामणीचं, दार बंद होतं. सोमवारपासून स्वारी चहाला वर आली नव्हती. गुडघा दुखतो म्हणे. काल तिने मुद्दाम निनावं केलं, बेसन, गूळ, नारळाचं दूध घालून, वरून खरपूस. त्याचा जीव की प्राण. तेही डब्यासकट परत आलं. वहिनी गेल्यापासून एकटा राहतो, मधूनच रुसतो. रुसला असेल, येईल आपणहून, असं म्हणून ती तशीच पुढे गेली.

प्रभादेवीला कमलाकांतराव गच्चीच्या जिन्यावर खाली-वर करत होते. अंगात पिवळा टी-शर्ट. त्यावर छापलेलं: 'मॅट्रिक १९७०. अजून नापास नाही.'

"ये ये कालिंदी! बघ, एकाहत्तराव्या वर्षी शून्य! शाळेत शून्य पडलं की बाबा बडवायचे, आता बायको पेढे वाटते."

त्यांच्या मागे दौलतराव उभे होते, हातात तांब्या. "काढ्याचा गुण," ते नम्रपणे म्हणाले. या आठवड्यात बिल्डिंगमधल्या नऊ घरांत काढा सुरू झाला होता.

कालिंदीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. बिचाऱ्याला सीडी कुठून घालायची तेही ठाऊक नसेल. या कामात फायदा खरा एकाचाच होता. बॅचचा पुढारी अभय, त्याने नियम केला होता की हृदयाचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय पायऱ्या चढायच्या नाहीत. म्हणून तर सोळाच्या सोळा म्हातारे शनिवारी हिंदमाताच्या सेंटरवर एकदम गेले होते. आणि नापास होण्याची भीती सोळांत कुणाला असेल तर ती कमलाकांतरावांना.

"कमलाकांतराव, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. खरं सांगा. तुमच्या जागी मशीनमध्ये कुणाला पाठवलंत?"

हसरा चेहरा एकदम पडला. "काय बोलतेस तू? सिद्धिविनायकाची शप्पथ, मी स्वतः झोपलो होतो."

"मशीन काय बोललं?"

"बाईचा आवाज होता. हिंदीत. 'सांस लीजिए, सांस रोकिए.' मी इतका रोखला की सोडायला सांगितलेलं कळलंच नाही! आणि ती पोरगी काचेमागून हात हलवत होती." ते खरोखर दुखावले होते. "मी मस्तीखोर असेन, पण परीक्षेत कॉपी कधी केली नाही. हां, हजेरीचं सोड. तुझ्या दादाने ती आयुष्यभर लावली माझी. मी मैदानावर आणि वर्गात हा आपला बिनधास्त 'हजर'! स्वतः मात्र तो कधी गैरहजर नाही."

"यांना तर अर्ध्या तासाला बाथरूम लागतं, हे कसली कॉपी करणार," सुमतीने मध्येच नवऱ्याची बाजू घेतली.

माणूस खोटं बोलत नव्हता. श्वास सोडायचा विसरलेला माणूस असं खोटं रचू शकत नाही. म्हणजे कमलाकांतराव मशीनमध्ये झोपले होते, आणि तरी आतला फोटो त्यांचा नव्हता. मग त्यांचा फोटो गेला कुठे?

"गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू करा," कालिंदी चपला घालत म्हणाली. "रागवा माझ्यावर, पण गोळी घेऊन रागवा."

३

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर ते सेंटर होतं. तिथली टेक्निशियन नूपुर ही कालिंदीचीच विद्यार्थिनी. मॅडमना बघून ती खुर्चीतून उठलीच, आणि त्या कशाला आल्यात ते कळल्यावर मटकन खाली बसली.

"मॅडम, शप्पथ सांगते, मी नाव पुकारलं होतं. जन्मतारीख पण विचारली होती. दोन्ही जुळलं."

"पुकारलंस? मी काय शिकवलं होतं?"

नूपुरची मान खाली गेली. "नाव आपण सांगायचं नाही. पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं."

"मग?"

"सोळा म्हातारे होते, मॅडम! सगळ्यांचे एकसारखे पिवळे टी-शर्ट. पोरांसारखा दंगा चाललेला. मी नाव घेतलं की कुणीतरी ओरडायचं, 'हजर, बाई!' आणि सगळे हसायचे. मलाही मजा वाटायला लागली. मग म्हटलं, जन्मतारीख तर विचारतेच आहे."

"आणि किल्ली?"

"होती एकांकडे, जानव्याला. स्काउटमध्ये दिसली म्हणून काढायला लावली. चेहरा नाही आठवत, मॅडम. सगळे गाऊनमध्ये होते." तिने शनिवारची यादी काढली. "आणि जन्मतारखांचं तर विचारूच नका. यादी आली तेव्हा मला वाटलं, टाइप करणाऱ्याने एकच ओळ खाली ओढली. तुम्हीच बघा."

कालिंदीने चष्मा सारखा केला. सोळा नावं. समोर सोळा तारखा. एक जून त्रेपन्न. एक जून त्रेपन्न. एक जून त्रेपन्न.

तिला आधी हसूच आलं. शाळेतले कोंडीराम गुरुजी! पोराला घेऊन आई दारात आली आणि जन्म कधीचा म्हटलं की ती सांगणार, 'गौरी-गणपतीत झाला,' नाहीतर 'मोठा पाऊस झाला त्या वर्षी.' गुरुजींनी पंचांग बघण्याचा ताप कधी घेतला नाही. जूनमध्ये शाळा सुरू होते ना? मग टाक एक जून. महाराष्ट्रातली निम्मी म्हातारी माणसं त्याच दिवशी जन्मलीत ती अशी. म्हणजे जन्मतारीख विचारून या सोळांत काहीही कळणार नव्हतं. कुणीही कुणीही असू शकत होता.

हसता हसता तिचं बोट यादीवर थांबलं. नावं शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे लावलेली होती, आडनावाच्या अक्षरानुसार. सातवं नाव कर्णिक, कमलाकांत. त्याखाली आठवं.

गुप्ते, चिंतामणी.

"या आठव्यांचा स्कॅन झाला?"

"हो मॅडम. रिपोर्ट सोमवारीच घेऊन गेले. तो मात्र मी तुम्हाला नाही दाखवू शकत. दुसऱ्या पेशंटचा आहे."

"शाबास. एवढं तरी लक्षात राहिलं," कालिंदी म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. दादाने तिला सांगितलं होतं, 'मी कुठला स्कॅन करतोय! मी आपला सोबतीला गेलो होतो.'

आणि सोमवारपासून तो जिना चढला नव्हता.

४

चिंतामणीच्या दाराला कडी लावलेली नव्हती. खाटेवर सगळं मांडून ठेवलेलं. वहिनीचा शालू, आईचा देव्हारा कापडात गुंडाळून, प्रत्येकावर चिठ्ठी. भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढलेलं, त्यावर 'कालिंदीला, किल्ली द्यायला विसरू नये.'

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. चार दिवसांत दाढी वाढली होती. "आईच्या पाटल्या तुझ्याकडे ठेव. नाहीतरी तुझ्याच आहेत."

सदऱ्यात हात घालून त्याने जानवं मानेवरून काढलं आणि त्याला बांधलेली किल्ली आईच्या कपाटाला लावली. तीन पाकळ्यांची, बेलाच्या पानासारखी. कपाट दादाकडे आलं त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून ती किल्ली कालिंदीच्या नजरेला पडली नव्हती.

तिने खाटेवरचा शालू बाजूला सारला आणि बसली. उशीखालून सेंटरच्या पाकिटाचं टोक दिसत होतं.

"किती आलाय रे आकडा, दादा?"

कपाटाकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "सहाशे बारा. तुला सांगणार होतो. पण तू रडतेस तेव्हा तुझं नाक लाल होतं आणि मला ते बघवत नाही."

"गाढवा!" मोठ्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा तिने ही पदवी दिली. नाक लाल झालंच होतं. "चार दिवस एकटा बसलास? निनावं परत पाठवलंस?"

"तूप होतं ना त्यात."

आता मात्र तिला हसू आणि रडू एकदमच आलं. पदराने तोंड पुसून ती सरळ बसली.

"आता मी विचारते त्याचं उत्तर दे. शनिवारी त्या मुलीने कर्णिक पुकारलं तेव्हा कमलाकांतराव कुठे होते?"

"कमळ्या? बाथरूमला. तो काय, अर्ध्या तासाला..."

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं 'हजर.' तोंडातून गेलंच गं! सातवीपासूनची सवय. एका बाकावरचे आम्ही, तो सात नंबर, मी आठ. मग ती म्हणाली, चला काका आत. आता तिला कुठे समजावत बसू? जन्मतारीख विचारली, ती सांगितली. म्हटलं नंबर मागेपुढे झाला, माणूस तर खराच आहे."

"हातात दिलेल्या चिठ्ठीवर तर कर्णिक लिहिलं असेल ना!"

"चष्मा टी-शर्टच्या खिशात राहिला होता."

कालिंदीने कपाळावर हात मारला आणि तिथूनच प्रभादेवीला फोन लावला, स्पीकरवर. "कमलाकांतराव, एकच सांगा. तुम्ही आत गेलात तेव्हा नाव कुणाचं पुकारलं होतं?"

पलीकडून बारीक आवाज आला. "चिंत्याचं. तो कपडे बदलायला गेलेला, दिसेना. एवढ्या वर्षांत त्याची हजेरी लावायची मला कधी संधीच मिळाली नव्हती गं. मी म्हटलं 'हजर.' आणि ती आत घेऊन गेली."

फोन ठेवून कालिंदी भावाकडे वळली. "ऐकलंस? तू त्यांच्या नावावर झोपलास, ते तुझ्या नावावर. किल्ली तुझी, सरळ हाड तुझं. शून्य तुझं आहे, दादा. तुझं काळीज लहान पोरासारखं आहे. आण तो डबा, निनावं खा!"

चिंतामणी हसला नाही. तो खाटेच्या कडेला बसला, पाकीट हातात धरून.

"मग हे सहाशे बारा?"

"त्यांचे."

"तो रविवारी रायगड चढणार होता." पाकीट उलटसुलट करत तो म्हणाला, "कालिंदी, असं नाही का करता येणार? हे माझ्याच नावावर राहू दे. मला आता सवय झालीय. चार दिवसांत सगळं आवरून पण ठेवलंय मी. त्याच्या घरी सुमती आहे, नातू यायचाय दिवाळीत."

कालिंदीने पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं. "काळीज काय पाटी-पेन्सिल आहे रे, अदलाबदल करायला? हे माझ्याच नावावर ठेवतो म्हणे! ऊठ. दाढी कर. सांगायला आपण दोघं जाणार आहोत."

५

कमलाकांतरावांनी बातमी शांतपणे ऐकली. रायगडाचा टी-शर्ट घडी करून मांडीवर ठेवला. सुमती त्यांचा हात धरून बसली होती. मग ते चिंतामणीकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी चार दिवस तुझे पेढे खाल्ले आणि तू माझं मरण घेऊन बसलास?"

"एकाच बाकावरचे ना आपण," चिंतामणी म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. डोळ्यांत पाणी दोघांच्याही होतं. दौलतरावांनी तेवढ्यात तांब्या पडद्यामागे सरकवून ठेवला.

शुक्रवारी परळच्या डॉक्टरीणबाईंनी आकडा बघून पुढची तपासणी सांगितली. कालिंदी नोकरीला लागली तेव्हा हृदयाच्या नळ्या बघायच्या म्हणजे मांडीतून तार वर न्यावी लागायची. बरेचसे पेशंट तारेपेक्षा भीतीनेच अर्धे व्हायचे. आता हाताच्या शिरेतून थोडं औषध दिलं की सीटीत नळ्यांचं सगळं झाड दिसतं, आणि कुठल्या फांदीतून रक्त किती वाहतंय तेही कॉम्प्युटर त्या चित्रावरूनच हिशेब मांडून सांगतो. संध्याकाळी उत्तर आलं. एक नळी अरुंद आहे, पण रक्त नीट पोचतंय. ऑपरेशन नको. गोळ्या जन्मभर, चालणं रोज, गोळ्या सोडून काढा नाही, आणि रायगड रोपवेने. रविवारी दोघंही रोपवेने गेले. चिंतामणी शून्यवाला, चढू शकला असता. पण बाकावरचा सोडून तो कसला चढतोय.

पण सांगायची गोष्ट ती नाही. सांगायची आहे ती शुक्रवारची, स्कॅनला आत नेण्याआधीची. पुन्हा हिंदमाताच्या सेंटरच्या बाकांवर कालिंदी, सुमती आणि चिंतामणी बसलेले. आतून नूपुर आली. हातात कागद, चेहरा कडक. मॅडम समोर बसल्या होत्या ना! तिने या वेळी नाव उच्चारलंच नाही.

"पुढचे पेशंट कोण? आपलं पूर्ण नाव सांगा."

बाकावरची कमलाकांतरावांची जागा रिकामी होती. सवयीप्रमाणे स्वारी नेमकी आत्ताच गेली होती.

चिंतामणीचे ओठ हलले. त्याने श्वासही भरून घेतला. कालिंदीने डोळे वटारले, सुमतीने "अहो, नको!" म्हटलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. मग सावकाश हात खाली घेतले, उभा राहिला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा वर्गात खरं बोलला.

"कर्णिक गैरहजर, बाई," तो म्हणाला. "बाथरूमला गेलाय. येईलच. आम्ही थांबतो."